सुकटच्या नावावरचा कोंबडा

चूक माझी होती. हे तीन शब्द मी अकरा वर्षांपूर्वी एका माणसासमोर उभं राहून बोलायला हवे होते. बोललो नाही, म्हणून आज सुरुवातीलाच लिहून टाकतो. त्या वर्षीच्या भातकापणीपर्यंत तीन कुत्र्यांशी माझा संबंध आला. एक मी हौसेने घरी आणलं होतं. एक आणायला हवं होतं, ते आणलं नव्हतं. तिसरं मागच्या पाड्यावरचं, गावठी. त्याचं नाव सुकट. तिघांपैकी एकाचाही दोष नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. डहाणूच्या पूर्वेला, वस्ती विरळ होत जाते तिथे आमचं घर आहे; घराला लागून चिकूची बावीस झाडं. वाडीच्या मागे करवंदीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे पाड्याची भातशेतं. या दिवसांत आमच्याकडे हवेचा वास दिवसातून दोनदा बदलतो. सकाळी वारा जमिनीकडून येतो तेव्हा कापलेल्या भाताचा, दवाने ओलसर झालेल्या पेंढ्याचा वास. दुपारी वारा फिरला की समुद्राकडून वाळत घातलेल्या बोंबलांचा. पाहुणे नाक मुरडतात. मला दोन्ही वास आवडतात. पण दोन्हींच्या मधे, अकरा-साडेअकराच्या सुमाराला, वारा पडतो. पान हलत नाही, कशाचाच वास येत नाही. ती घटका मला नकोशी होते. जे घडलं ते त्याच वेळेला घडलं.

गेल्या आठवड्यात मानसीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. ती लग्नानंतर नवऱ्याबरोबर, निखिलबरोबर, बोईसरला असते. मी कामावरून परतत होतो. गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या नाक्याजवळ गवताने लादलेले ट्रक एकामागे एक उभे होते. मोटारसायकल बाजूला घेऊन फोन उचलला.

"बाबा, लॅब घ्यायचा की कारवान?"

"का गं, आता एकदम?"

"एकदम कुठे? निखिलच्या मित्राकडे लॅबची पिल्लं आहेत. आणि निखिल कारवानचे व्हिडिओ बघून वेडा झालाय. तुम्ही सांगा ना. आपल्याकडे तर कारवान होता."

"आणि एखादं गावठी पिल्लू?"

"नको बाबा. सुकट आठवतो ना? देवजीआजोबांचा कोंबडा मारला होता त्याने, देवाचा. कुत्र्याला एकदा रक्ताची चटक लागली की ते हाताबाहेर जातं, तुम्हीच सांगितलं होतं."

मी म्हणालो, "ट्रक फार जातायत गं, ऐकू येत नाही. संध्याकाळी बोलतो."

ऐकू सगळं आलं होतं.

मी डॉक्टर नाही. तलासरी तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. लसी टोचणं, जंताची औषधं, खुरांच्या जखमा, अडलेली गाय सोडवणं, हे माझं काम. पण या भागात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. पंचवीस वर्षं लोक मला डॉक्टर म्हणतात, आणि मी कधी कोणाला दुरुस्त केलेलं नाही. कुत्रं घ्यायच्या आधी सल्ला विचारायला येणारेही बरेच असतात. त्यांना मी एकच सांगत आलोय आणि आजही ठामपणे सांगतो: कुत्र्याचा फोटो बघू नका, आपला दिवस बघा. पहाटे घरात कोण उठतं, सकाळी अकराला घरी कोण असतं, पावसाळ्याचे चार महिने त्याला कुठे फिरवणार, दारात येणाराजाणारा किती. याची उत्तरं कागदावर लिहा, मग जात निवडा. माणूस कुत्र्याला बदलू शकेल, त्याच्या पायांना आणि नाकाला नाही. सल्ला चोख आहे. मी तो फक्त स्वतःच्या घरी वापरला नाही.

घरात कुत्रं हवं ही मागणी नीताची, माझ्या बायकोची. मी सकाळी सातला तलासरीकडे निघायचो. मानसी तेव्हा नववीत. शाळा आणि पाठोपाठ क्लास. नीता दिवसभर बावीस झाडांत एकटी. तिला राखण नको होती. "दार उघडल्यावर कोणीतरी खूश व्हायला हवं, एवढंच," ती म्हणायची.

डहाणू रोडला स्टेशनबाहेर एका कापडवाल्याच्या लॅब्रेडॉरला सात पिल्लं झाली होती. आम्ही बघायला गेलो. त्यातलं एक, लोण्याच्या रंगाचं, लटपटत आलं आणि नीताच्या चपलेवर पोट टेकून झोपून गेलं. कापडवाला म्हणाला, "लई जाओ ने, बेन. आ तो बधांनो दोस्त. चोर आवशे तो एनेय चा पिवडावशे." हा सगळ्यांचा दोस्त, चोर आला तर त्यालाही चहा पाजेल म्हणे. नीता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून तिने त्या पिल्लाचा कान दोन बोटांत धरला, साडीचा पोत बघावा तसा.

घरी येताना मी तिला व्याख्यान दिलं. लॅबचे केस दाट, आपली हवा दमट. कान पिकतात, गोचीड होते. खादाड जात, दोन वर्षांत पिंप होतं, मग कंबर जाते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खरं खरं बोलत माणूस आपल्याला हव्या त्या चुकीपाशी कसा पोचतो, हे मी त्या रिक्षात करून दाखवलं.

कारण माझं मन आधीच दुसरीकडे गुंतलं होतं. दवाखान्यात माने म्हणून सहकारी होते, सोलापूरकडून बदलून आलेले. त्यांच्या गावी कारवान कुत्री. कोणी पश्मी म्हणतं, कोणी कारवानी. निमुळतं तोंड, कमानीसारखी पाठ, आत ओढलेलं पोट. "लॅब काय घेताय डॉक्टर," माने म्हणाले, "ते शेपटीचं लोढणं. आपल्या मातीतलं बघा की जरा. सशामागं सुटलं तर धुरळा खाली बसायच्या आत परत येतंय बघा." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मी कुत्र्याचा फोटो बघत होतो, आमचा दिवस नाही.

नीताने एकदाच विचारलं, "कुत्रं माझ्यासाठी आणताय, की रस्त्यात लोकांनी तुम्हाला थांबवावं म्हणून?"

मी रागावलो. बरोबर ओळखलं की राग येतोच. दिवाळीनंतर माने गावाहून परतताना तीन महिन्यांचं पिल्लू घेऊन आले. त्याचं नाव मी ठेवलं: बाण. लोण्याच्या रंगाचं ते लॅबचं पिल्लू स्टेशनजवळच्या एका खानावळवाल्या बाईंनी नेलं. नीता बाजाराला गेली की तिथे थांबून त्याला कुरवाळून यायची. घरी आल्यावर बाण तिचा हात बराच वेळ हुंगायचा. मी बघायचो.

बाण वाईट कुत्रा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तो फक्त आमचा नव्हता. नीता दार उघडायची तेव्हा तो उठायचा, एकदा शेपूट हलवायचा, आणि मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायचा. अंगाला हात लावलेला त्याला खपत नसे. परकं कोणी आलं की मागे सरकायचा. आणि काही धावताना दिसलं, मग ते काहीही असो, की त्याचं सगळं अंग डोळ्यांत गोळा व्हायचं.

त्याला धावताना मात्र बघायला हवं होतं. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी पहाटे उठून त्याला समुद्रावर न्यायचो. डहाणूचा किनारा ओहोटीला लांबवर उघडा पडतो. ओली काळपट वाळू, एका बाजूला सुरूची झाडं, पाण्यावर मचव्यांचे ठिपके. पट्टा सोडला की तो क्षणभर थबकायचा. मग सुटायचा. चारही पाय एकदम जमिनीवरून उचललेले, पोट वाळूला समांतर, आणि आवाज नाही. फिरायला आलेले लोक थांबायचे. "डॉक्टर, हे कुठलं?" जाळी आवरणारा एक म्हातारा कोळी रोज तेच म्हणायचा, "अरं, याला जेवायला घाल जरा!" मी त्याला जातीचे गुण समजावून सांगायचो. त्या सकाळी मी सुखी होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग पाऊस आला आणि समुद्र बंद झाला. पाऊस गेल्यावर लाळ-खुरकुताच्या लसीकरणाची मोहीम लागली. मी पहाटे सहालाच बाहेर पडायला लागलो, यायला दिवस मावळायचा. बाण घराच्या मागच्या चिकूला साखळीने बांधलेला. साखळी बारा फुटांची होती. महिनाभरात झाडाभोवती गवत जाऊन एक वाटोळी वाट पडली, कंपासने काढल्यासारखी. साखळी घासून खोडाची साल फुटली आणि तिथून पांढरा चीक यायला लागला. मी त्यावर शेण-माती लावली. झाडाला मलम, असं मनाशी म्हटलंही. नीता म्हणाली, "त्याला सोडा तरी, नाहीतर देऊन टाका तरी." मी म्हटलं, मोहीम संपू दे.

देवजीकाका मागच्या पाड्यावरचे. आमच्या वाडीचे चिकू तेच उतरवायचे, जाळी बांधलेल्या लांब बांबूने, एकही फळ खाली न पाडता. त्यांची बायको बारकीकाकी सावलीत बसून चिकू निवडायची. पाड्यावर अहो-जाहो नसतं. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला एकाच वाक्यात डॉक्टरही म्हणायचे आणि तूही. त्यांच्या मागोमाग सुकट यायचा. पिवळट, एक कान उभा, एक पडलेला. लहानपणी वाळवलेल्या कोळंबीच्या काडीसारखा होता म्हणून बारकीकाकीने ते नाव ठेवलेलं. तो यायचा आणि बाणच्या वर्तुळाच्या बाहेर, साखळी जिथे संपते तिथून बरोबर वीतभर लांब पसरायचा. बाण फिरत राहायचा, सुकट झोपलेला असायचा. पाड्यावरच्या कोंबड्या सुकटच्या अंगावर चढून किडे टिपायच्या. तो एक डोळा उघडायचा आणि मिटायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढे जे केलं ते हे पाहूनही केलं.

त्या श्रावणात देवजीकाकांची गाय बसली ती उठेना. मी दोनदा जाऊन कॅल्शियमची बाटली चढवली. त्याच वेळी काकांनी वाघदेवाला कोंबडा बोलला: गाय उठली तर वाघबारशीला देईन. दिवाळीच्या तोंडावरची ही बारस. शहरात त्या दिवशी गाय-वासराला ओवाळतात, पाड्यावर गुरं राखणाऱ्या वाघदेवाच्या शेंदरी दगडापुढे जातात. गाय तिसऱ्या दिवशी उभी राहिली.

"तुझी बाटली आन् देवाचा कोंबडा, दोघांनी मिळून उठवली," काका म्हणाले.

"जास्त कोणी उठवली, काका?"

"देव तं काय बोलत नाय. तू पण नको बोलू."

तेव्हापासून तो कोंबडा सगळ्यांपासून वेगळा झाला. तांबडा, काळ्या शेपटीचा, पायात लाल दोरा. बारकीकाकी त्याला तळहातावरून भात चारायची. तो सुकटच्या पाठीवर सगळ्यांत जास्त वेळ बसायचा.

वाघबारस पाच दिवसांवर होती. रविवार. नीता बाजाराला गेली होती, मानसी क्लासला. बाण झाडाभोवती फिरत होता आणि मला वाटलं, दहा मिनिटं मोकळा सोडू. कुंपणापलीकडची शेतं कापून रिकामी होती. दूर खळ्यावर माणसं होती, पण इकडे कोणी नव्हतं. मी साखळी काढली. तो धावला, आणि मला समुद्रावरचे दिवस आठवले. तेवढ्यात मोहिमेबद्दल दवाखान्यातून फोन आला. मी सावलीला वळलो. वारा पडलेला होता. परत मान वळवली तेव्हा कापलेल्या भाताच्या खुंटांतून तांबडं काहीतरी पळत होतं आणि बाण त्याच्यावर पोचलेला होता. तीन उड्या. एक झटका. ओरडण्याइतकाही वेळ मिळाला नाही, कोंबड्यालाही आणि मलाही.

त्याने खाल्लं नाही. पायाशी टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. वर्षभर त्याने तसं कधी बघितलं नव्हतं.

मी त्याला पट्ट्याला धरून आणलं. बोरिंगवर त्याचं तोंड धुतलं. साखळी अडकवली. कोंबडा तिथेच ठेवला. हे सगळं करताना माझे हात स्थिर होते, ते मला आजही आठवतं.

दिवस मावळताना देवजीकाका आले. हातात पायांनी धरलेला कोंबडा, मागे बारकीकाकी, पाड्यावरची आणखी दोघं. आणि सगळ्यांच्या मागे सुकट. कोंबडा आधी त्यालाच सापडला असणार. त्याच्या नाकाला एक तांबडं पीस चिकटलेलं होतं.

"डॉक्टर, बघ जरा. हे कोणाचं काम?"

मी कोंबडा हातात घेतला. अंगठ्यांनी मानेवरची पिसं बाजूला केली. दात कुठे बसलेत, मान कशी मोडलीय, सगळं पाहिल्यासारखं केलं. म्हणालो, "कुत्र्याचंच आहे."

काकांनी झाडाकडे पाहिलं. "बाण?"

"तो बांधलेला आहे की."

मग सगळ्यांनी सुकटकडे पाहिलं. सुकटने शेपूट हलवली.

देवजीकाका गुरांत वाढलेला माणूस. त्यांनी नेमकं तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. "मंग खाल्ला का नाय? हा उपाशी कुत्रा. मारला तं खाल्ला असता."

"तुमची चाहूल लागली असेल," मी म्हणालो. आणि वर, कोणी विचारलेलं नसताना: "गावठी कुत्र्याला एकदा रक्ताची चटक लागली की ते हाताबाहेर जातं."

दुसरा कोणी बोलला असता तर वाद झाला असता. बोलणारा डॉक्टर होता. मानसी तेवढ्यात सायकलवरून आली होती. फाटकात उभी राहून तिनेही ऐकलं.

पाड्यावर सगळ्यांच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात. चटक लागलेलं कुत्रं तिथे ठेवता येत नाही. देवजीकाकांचा मेहुणा टेम्पोने गवत घेऊन अच्छाडला जायचा; दुसऱ्या सकाळी गवताच्या भाऱ्यांवर सुकटला बसवून नेलं. "मारायचा नाय," काकांनी मेहुण्याला बजावलं. "धाब्यावर सोड. तिथं खायला मिळंल." सुकट आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसला होता. उभा कान वाऱ्याने मागे गेलेला, तोंड उघडं. खूश दिसत होता. बारकीकाकी दारात आली नाही. वाघबारशीला काकांनी दुसरा कोंबडा दिला.

लाळ-खुरकुताची मोहीम संपली. थंडी पडली. माघात एकदा मी अच्छाडच्या एका धाब्यावर चहाला थांबलो तेव्हा बाकाखालून एक पिवळट कुत्रं आलं. एक कान उभा, एक पडलेला. त्याने माझी पँट हुंगली, आणि त्याचं सगळं अंग हलायला लागलं. मी मोटारसायकलवर होतो. त्याला पुढ्यात घेऊन तासाभरात पाड्यावर पोचवता आलं असतं. मी अर्ध्या तासाहून जास्त तिथे बसलो. त्याला परत नेलं तर का परत आणलं ते सांगावं लागेल, एवढा एकच विचार डोक्यात होता. मी त्याला बिस्किटाचा पुडा फोडून घातला आणि तो खात असताना किक मारली. पुढच्या आठवड्यात मुद्दाम गेलो. नव्हता. धाबेवाला म्हणाला, "इथे दहा कुत्री येतात, दहा जातात, साहेब."

पुढच्या उन्हाळ्यात मानेंची बदली परत सोलापूरकडे झाली. मी बाणला त्यांच्याबरोबर दिलं. हा एक निर्णय मी बरोबर घेतला, आणि तो मी छाती ठोकून सांगतो. तिथे माळ आहे, कोरडी हवा आहे, मागे पळायला मोकळं रान आहे. माने फोटो पाठवायचे: बाण माळावर, बाण शेळ्यांमागे, बाण म्हातारा होऊन उन्हात झोपलेला. त्याला त्याचा मुलूख मिळाला. वाटोळ्या वाटेवर गवत उगवलं. चिकूच्या खोडावर मात्र साखळीचा वळ राहिला. झाड जाड झालं तसा तोही रुंद झाला.

देवजीकाकांनी त्यानंतर कुत्रं पाळलं नाही. पाड्यावर घरटी एक कुत्रं असतं, त्यांच्या दारात नाही. दरवर्षी कापणीच्या दिवसांत, चिकूची टोपली उतरवताना, ते कधीतरी म्हणतात, "कुत्रा चांगला होता डॉक्टर. मीच पोटाला कमी घातलं आसंल. भरल्या पोटाचा कुत्रा कशाला देवाच्या कोंबड्याला तोंड लावंल?" दहा वर्षं हे वाक्य मी ऐकतोय. दहा वर्षं मी मान हलवतोय. माझं पाप तो माणूस स्वतःचं म्हणून सांभाळत होता आणि मी त्याला सांभाळू देत होतो.

नाक्यावर फोन आला त्या दिवशी संध्याकाळी मी मानसीला फोन केला.

"घरी अकराला कोण असतं?"

"आई असतात. निखिलच्या. तुमचे प्रश्न सुरू झाले ना, बाबा!"

"त्यांना कुत्र्याची भीती?"

"भीती कसली, शेजारच्या कुत्र्याला चोरून पोळी घालतात."

"सकाळी कोण उठतं?"

"मी. निखिलची शिफ्ट असते. खाली मैदान आहे, अर्धा तास नेईन."

"मग लॅब घे. तिसरा मजला, घरात दिवसभर माणूस, दारात येणारेजाणारे. त्याला हेच लागतं. फक्त खाणं मोजून, आणि सासूबाईंच्या पोळ्या त्यात धरून. कान दर आठवड्याला कोरडे कर. कारवान नको. निखिलला सांग, व्हिडिओत तो धावताना दिसतो. उरलेला दिवस कोणी शूट करत नाही."

ती हसली. मी तिला हसू दिलं. मग म्हणालो, "आणि मानसी, सुकटने कोंबडा मारला नव्हता. बाणने मारला. मी सोडलं होतं त्याला."

पलीकडे तिने पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"आजोबांना माहितीये?"

"नाही."

"मग मला आधी का सांगताय?"

तिने फोन ठेवला नाही. मीच ठेवला. नीता बाजूलाच बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, उद्या रविवार आहे, खळ्यावर जाऊन येतो, एखादा चांगला कोंबडा बघून नेतो.

"हातात काही नेऊ नका," ती म्हणाली. "देऊन मोकळे व्हाल."

सकाळी मी करवंदीच्या कुंपणातून पलीकडे गेलो. शेणाने सारवलेल्या खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. सात-आठ माणसं, भारे वर जात होते आणि फळीवर आदळत होते, धप्, धप्, आणि प्रत्येक धप्पाबरोबर दाणे उडत होते. हवेत तूस. बारकीकाकी सूप घेऊन वाऱ्याकडे पाठ करून उभी. देवजीकाका आता झोडत नाहीत. कडेला पेंढ्याच्या भाऱ्यावर बसून दोऱ्या वळत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. रात्रभर शब्द जुळवले होते. हळू, नीट, दोघांतच राहील असं सांगायचं ठरवलं होतं.

"काका," मी म्हणालो, "तो कोंबडा बाणने मारला होता."

त्यांनी कानाला हात लावला. "बाण? तो हाय आजून?"

"नाही. कोंबडा. तुमचा. वाघदेवाचा."

"दिला ना! बारशीला दिला. तुला निवद नाय मिळाला का?"

बारकीकाकीने सूप थांबवलं. "मोठ्यानं बोल, डॉक्टर. बुढ्याला ऐकू येत नाय. तुझं ते कुजबुजणं आमच्याकडं नाय चालत."

कोणीतरी हसलं. मग कोणीतरी माझा चेहरा पाहिला असावा. झोडणं थांबलं. वारा पडला होता; साडेअकरा झाले असतील. देवजीकाकांनी दोरी खाली ठेवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि वाट बघत राहिले.

मी उभा राहिलो. खळ्यावरचा प्रत्येक माणूस ऐकेल, कुंपणाअलीकडे नीता ऐकेल, इतक्या मोठ्याने ओरडलो:

"काका, सुकटने कोंबडा मारला नव्हता! माझ्या बाणने मारला! मी त्याला सोडला होता, मी डोळ्यांनी बघितलं, आणि तुमच्यासमोर खोटं बोललो! तुम्ही सुकटला उपाशी ठेवलं नव्हतं, काका! त्याने काही केलं नव्हतं, तुम्ही काही केलं नव्हतं! चूक माझी होती! मला माफ करा!"